वाळकाच्या वेलाला गुरुवारची सुट्टी

चऱ्होलीच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर सोपानराव राहतात. गाव सोडून फ्लॅटमध्ये करमतं का, असं कोणी विचारलं की ते म्हणतात, "आमी कुठं गाव सोडलं? होतो तिथंच हाय. फक्त वर सरकलो."

तेही खरंच. खाली जिथं बी विंगचं पार्किंग आहे, तिथं त्यांचं बाजरीचं रान होतं. म्हणजे सोपानराव बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात ते आपल्याच रानात बसतात, फक्त नव्वद फूट उंच. सकाळी इंद्रायणीवरून धुकं येतं, पार्किंग पुसून टाकतं, आणि मग थोडा वेळ सगळं पूर्वीसारखं असतं. खाली काय आहे ते दिसतच नाही. बाजरी असेल. कोण सांगावं?

सोपानरावांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर बत्तीस वर्षं काढली. रिटायर झाले तरी पहाटे पाच दहाला डोळा उघडायचा. उठायचे, दात घासायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे. चप्पल घातलेली, जायचं कुठं ते ठाऊक नाही.

"फस्ट शिफ्टला निघाले वाटतं," जयमालाबाई, त्यांची बायको, आतून म्हणायच्या. "डबा न्हाई केला आज, कँटीनला खावा."

मग एक दिवस बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी सोपानरावांनी मागवलेल्या वस्तू पेटीतून आल्या. मातीत खुपसायचा काटा, तो ओल मोजतो. छोटा पंप, त्याला बारीक नळ्या. भिंतीवर लावायचा कॅमेरा. आणि मोबाईलमध्ये एक ॲप, ज्यातली बाई फार शुद्ध बोलायची.

"आपल्या रोपास पाण्याची आवश्यकता आहे."

"व्हय गं बाई, दिसतंय मला," जयमालाबाई तवा घासताघासता उत्तर द्यायच्या.

"आपल्या रोपास आज सहा तास सूर्यप्रकाश मिळाला."

"मोजत बसलीस व्हय? बरं हाय, तुला दुसरा कामधंदा न्हाई."

महिन्याभरात बाल्कनीची कंपनी झाली. सकाळचं पाणी म्हणजे फस्ट शिफ्ट, संध्याकाळचं सेकंड. मिरचीनं पानं मुरडली की ब्रेकडाऊन. टोमॅटोला जास्तीची फुलं आली की ओव्हरटाइम. सोपानराव चष्मा कपाळावर चढवून फिरायचे आणि पुदिन्यालासुद्धा सुपरवायझरच्या आवाजात झापायचे, "काय रे, प्रॉडक्शन डाऊन हाय तुझं." पुदिना मान हलवायचा. वारा असायचा तो, पण सोपानरावांना वाटायचं, ऐकलं यानं.

जयमालाबाई या सगळ्याला हसायच्या. एका गोष्टीला सोडून.

त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती. आत राख, राखेत वाळकाचं बी. लग्न करून आल्या तेव्हा माहेराहून पदराला बांधून आणलेलं. दरवर्षी बाजरीच्या ओळींमधून टोचायचं, दरवर्षी एक फळ वेलावरच पिवळं होऊ द्यायचं, त्याचं बी परत राखेत. रान गेलं आणि ही रीतही गेली. आठ वर्षं डबी कपाटात होती. यंदा उघडली तर सहा बिया उरलेल्या. सहाही बाल्कनीतल्या मोठ्या पिशवीत लावल्या. पाच आल्याच नाहीत. एक आली.

"आता ह्यो येल म्हंजे शेवट," जयमालाबाई म्हणाल्या. "ह्याला बी धरलं तर धरलं. न्हाईतर संपलं आमचं वाळूक." दूध संपलं म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाल्या. पण त्या दिवसापासून सोपानराव वेलाजवळ आवाज चढवेनासे झाले.

ॲपमध्ये पिकाचं नाव भरायचं होतं. यादीत परदेशी भोपळे होते, काकडी होती, वाळूक नव्हतं. सोपानरावांनी काकडीवर बोट ठेवलं.

"काकडी?" जयमालाबाई मागून वाकल्या. "येलाला ऐकू गेलं तर सुकंल तो."

"अगं, दोघी बहिणीच."

"मंग तुमच्या मेव्हणीला माझं नाव द्या. चालंल का?"

पुढं पाणी कोणत्या वारी द्यायचं ते विचारलं होतं. सात चौकोन. सोपानरावांनी टकाटक टिकल्या मारल्या, आणि एक चौकोन मोकळा राहिला. तो राहिलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. हात आपोआप त्यावरून पुढं गेला.

साऱ्या दुनियेला रविवार असतो, तसा भोसरी-चाकणच्या कारखान्यांना गुरुवार. केस कापायचे गुरुवारी, किराणा गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, भांडणंसुद्धा गुरुवारी सवडीनं. लाईटवालेही डागडुजीला गुरुवारच धरतात, मग सहापर्यंत लाईट नाही. बत्तीस वर्षं असा गुरुवार अंगात मुरला की माणसाला सात दिवसांचा आठवडा भरताच येत नाही. आणि चूक उघडीही पडली नाही. कारण गुरुवारी सोपानराव आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून स्वतः तांब्यानं वेलाला पाणी घालायचे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना वेळ द्यावा, तसं.

वेल चढला. ग्रिलवरून, दोरीवरून, कपड्यांच्या तारेवरून. बायकी फूल आलं, मागं बोटाच्या पेराएवढं लवदार वाळूक घेऊन. नवव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नाही, तेव्हा ॲपमधली बाई म्हणाली, "मऊ कुंचल्याने परागकण हलकेच लावावेत." सोपानराव दाढीचा ब्रश घेऊन आले.

"ठेवा तो," जयमालाबाई म्हणाल्या. "नवरदेव हाय की हितंच." त्यांनी गड्याचं फूल खुडलं, पाकळ्या मागं सारल्या, आणि दोन फुलांची तोंडं अशी जुळवली की सोपानराव उगीचच इंद्रायणीकडं बघायला लागले.

फळ धरलं. एकच. वाढलं, जडावलं, एका बाजूनं पिवळट व्हायला लागलं. "दोन हप्ते अजून," जयमालाबाई म्हणाल्या. "तवर देठ सुटला न्हाई पायजे." दुपारी पानांतून हिरवा उजेड गाळून खुर्चीवर पडायचा. सोपानराव त्यात डुलकी घ्यायचे. डुलकीत वेल ग्रिल ओलांडून बाहेर पडायचा, हवेतच पसरायचा, टॉवरांच्या मधल्या मोकळ्या जागेत एकरभर, आणि खालून कोणीतरी हाक मारायचं, "सोपाना, वाळकं आली का रं?"

अशात जयमालाबाईंच्या भाचीचं लग्न आलं, संगमनेरला. बुधवारी हळद, गुरुवारी लग्न. एप्रिलचं ऊन. जयमालाबाई निघेनात.

"पंप हाय, काटा हाय, कॅमेरा हाय," सोपानराव म्हणाले. "कंपनी चालू राहती गं माणसाबिगर."

बुधवारी निघाले. गुरुवारी दुपारी बाराला मांडवात पंखे गरम हवा ढवळत होते. शेजारी जयमालाबाईंचे थोरले भाऊ रंगराव बसलेले.

"दाजी, तुमची बाल्कनी म्हणं मोबाईलवर चालती?"

सोपानरावांना तेवढंच हवं होतं. "आत्ता लाईट गेल्याली असंल तिकडं, म्हणून कॅमेरा बंद. पण पाणी सहालाच झालंय. हे बघा, सगळी नोंद असती." त्यांनी बोट फिरवलं. बुधवार सकाळ, पूर्ण. बुधवार संध्याकाळ, पूर्ण. आणि खाली, छान फिकट निळ्या रंगात: गुरुवार, सुट्टी.

रंगराव वाकले. "झाडाला पन सुट्टी? भारी कंपनी हाय राव. पगारी का बिनपगारी?"

सोपानरावांनी नोंद वर सरकवली. लाईट जायच्या आधीची शेवटची ओल होती अकरा टक्के. खाली ती बाई लिहून गेली होती, आपल्या रोपास पाण्याची आवश्यकता आहे. पंप चालू करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. लाईट यायला सहा वाजणार, आणि पश्चिमेचं ऊन दोनला बाल्कनीत शिरणार.

ते बायकांच्या गर्दीतून वाट काढत जयमालाबाईंकडे गेले, आणि जे झालं ते सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. हातातल्या अक्षता मुठीत घट्ट झाल्या.

"किल्ली?"

"आपल्याकडंच."

"शेजारचा निरंजन घरी असंल," त्या म्हणाल्या. "गुरुवार हाय ना."

निरंजन लातूरकडचा, चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टर. त्याची बाल्कनी यांच्या बाल्कनीला लागून, मधे पाच फुटांची फट. झोपेतून उठला होता. व्हिडिओ कॉलवर आधी त्याचं नाक दिसलं, मग छत, मग बाल्कनी.

"काकू, पानं पार मान टाकून बसलीत हो."

"फळ?"

"हाय. लोंबलालंय."

"पाणी घाल."

"हात पुरत नाही ना काकू. मधे फट हाय."

"जाळी काढायचा झाडू हाय का? लांब दांड्याचा?"

"हाय."

"त्याला पायप बांध बाथरूमचा."

निरंजननं आपला मोबाईल कुंडीला टेकवून ठेवलेला, त्यात नुसतं निळं आकाश दिसत होतं, आणि आवाज येत होते. खडबड. आई गं. धप्प. मांडवात भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. जयमालाबाई अक्षता विसरून मोबाईलकडं बघत होत्या.

"काकू, बांधला. किती लिटर? प्लस मायनस किती चालंल?"

"मेल्या, तांब्या-दोन तांबे! पन धार फळावर नको. देठ हलला तर सुटंल. मुळाशी."

"दिसंना झालंय मुळाशी."

"पिशवी काळी हाय ना? त्या काळ्यात. हळू. लेकराला चमच्यानं पाजावं तसं."

आकाशात झाडूचं टोक आलं, थरथरलं, सरकलं.

"पडलालंय काकू! पिशवीतच पडलालंय!"

"सावधान!" भटजी म्हणाले, आणि सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. निरंजनला वाटलं त्याच्यासाठीच. "थँक्यू, थँक्यू," तो आकाशातून म्हणाला.

जेवून न जेवून दोघं निघाले. एसटीनं मंचर सोडल्यावर जयमालाबाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं तुमच्या गुरुवारावर माझा हप्ता चालला. येलानं काय पाप केलं होतं?" सोपानरावांनी मोबाईल काढून गुरुवारचा मोकळा चौकोन भरला.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. वेलाची खालची पानं जळून कागद झाली होती. शेंडा मात्र उचललेला. फळ होतं, पण देठाशी बारीक भेग गेली होती. चार दिवसांनी ते आपोआप जयमालाबाईंच्या ओंजळीत आलं. पिकायला अजून आठवडा हवा होता.

त्यांनी ते लगेच कापलं नाही. कोपऱ्यात सुती फडक्यावर ठेवलं, रोज वास घेतला. घर वाळकाच्या वासानं भरलं. निरंजन दारात आला आणि म्हणाला, "काकू, काय गोड वास येलालाय हो," आणि तिथंच चप्पल काढून बसला.

सातव्या दिवशी निरंजनसमोरच जयमालाबाईंनी फळ चिरलं. बिया ताटभर निघाल्या, पण पातळ. त्यांनी काचेचा बाऊल पाण्यानं भरला आणि बिया सोडल्या. भरीव असेल ती बुडते, पोकळ तरंगते. सगळ्या तरंगल्या.

जयमालाबाईंनी बाऊल बाल्कनीच्या दाराशी सरकवला.

बाल्कनीतून ऊन तिरपं आलं, पाण्यात शिरलं. आणि एक बी, घाई नसल्यासारखी, बाजूला कलली, वळली, खाली गेली. मग दुसरी. सोपानराव जमिनीवर पालथे झाले, डोळे बाऊलच्या काचेला लावून. आतून बिया उजेडात उतरताना दिसत होत्या, धुक्यातून माणसं रानात उतरावीत तशा. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम तीन.

अकरा उतरल्या. पुढं अर्धा तास तिघांनी वाट पाहिली, पण अकराच.

जयमालाबाईंनी त्या फडक्यावर काढल्या. चार बिया वेगळ्या केल्या आणि निरंजनच्या तळहातावर ठेवल्या.

"मला कशाला काकू? मला काय येतंय?"

"झाडू हाय ना तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "लाव तुझ्या बाल्कनीत. एकाच घरात ठेवायच्या न्हाईत आता."