दसरूकाकांचा 'हो'

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी इतक्या शंका काढते की सांगणाराच कंटाळतो. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय…

मी पायलट आहे, चार सीटचं छोटं विमान चालवते. आमच्या गावाकडे, नाकाडोंगरी आणि बपेऱ्याच्या मधे, तलावाच्या काठी एक खासगी धावपट्टी आहे. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला डोंगर. उतरायचं ते पाण्यावरूनच, आणि एका ठराविक जागेच्या पुढे गेलं की परत वर चढायला वावच नाही. गेल्या हिवाळ्यात दुपारी चारला मी तिथे उतरत होते. शेजारी बाबा – जन्मभर धानाची शेती केलेले, विमानात पहिल्यांदाच बसलेले, हेडफोन लावून ऐटीत!

समोरून ऊन, पाण्यावर नुसती चमचम… पट्टी धड दिसेना. खाली आमच्याच गावचे चौकीदार दसरूकाका वायरलेस हँडसेटवर असतात. पट्टी मोकळी आहे का, मी विचारलं. कानात त्यांचाच आवाज आला – "होऽ… होऽ… हो." मी निर्धास्त.

बाबांनी एकदम माझा दंड धरला. "वर घे. दसरू हौ म्हनते, हो नाही म्हनत कधी. बैल थांबवून राहिला तो."

पुण्यात दहा वर्षं काढून मी हे विसरलेच होते. आमच्याकडे होकार म्हणजे 'हौ'. 'हो हो' करतात ते चालत्या बैलाला थांबवायला. ती ठराविक जागा यायच्या आत मी विमान वर घेतलं… आणि खाली पट्टीवर ऐसपैस बसलेल्या सात-आठ म्हशी दिसल्या.

म्हशी हाकलल्यावर, दुसऱ्या फेरीत उतरलो. बरं झालं हँडसेटवर सांगितलंत, असं मी दसरूकाकांना म्हटलं, तर ते गोंधळले. बॅटरी दुपारीच संपली होती, हँडसेट चौकीत चार्जिंगला. मी जाऊन पाहिला, बंदच होता.

"म्हशी उठेच ना. मंग इमानाकडं पाहून 'हो हो' बोंबललो. इमानाले अजून काय म्हनाव?"

इंजिनाच्या घरघरीत, इतक्या लांबून, हेडफोनच्या आत तो आवाज आला कसा? तोही दोघांना? त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी नव्हतं, मी नंतर चौकशी केली.

गाडीत बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुले आयकू आलं नं पोरी? मंग बस झालं."

स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. पण त्या संध्याकाळी बाबा घरी जेवायला बसले आणि दोनदा भात मागितला. मी रडत रडत वाढत होते.