तांबडीनं राखून ठेवलेलं

सासूबाईंचा कोंबडा माझ्या हातून मेला. हातून म्हणजे चाकाखाली. नवी गाडी दाखवायला आम्ही रोह्यापलीकडे त्यांच्या घरी गेलो होतो. निघताना गाडी मागे घेतली, तेव्हा मी मान वळवून न बघता समोरच्या पडद्यावर बघत होतो. पडद्यावर अंगण स्वच्छ होतं. कोंबडा पडद्यात मावला नाही, चाकाखाली मात्र मावला.

साधा कोंबडा असता तर त्याचा रस्सा झाला असता. पण हा सासऱ्यांचा. बाजारातून एवढंसं पिल्लू आणून त्यांनी तो हातानं कण्या भरवून वाढवला होता. ते शेतावर निघाले की बांधावरून हा त्यांच्यामागे. सासरे जाऊन वर्ष झालं, तरी रोज पहाटे ओटीच्या पायरीवर उभा राहून तो बांग द्यायचा आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "उठले रे, उठले." आता त्यांना उठवणारं घरात कुणी उरलं नाही.

परसात खड्डा सासूबाईंनी मलाच खणायला लावला. बायको पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या रविवारी पोपटीसाठी पुन्हा गेलो. वालाच्या शेंगा आणि अंडी मडक्यात घालायची, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं आणि मडकं पालथं ठेवून भोवती जाळ करायचा. मडकं भरताना सासूबाईंनी चार अंडी बाजूला काढली. कोंबडा गेल्यानंतर तांबड्या कोंबडीनं घातलेली ती.

"ही नको. काळी खुडूक झालीय, तिच्याखाली बसवायचीत."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हा माझा जुना आजार. "आई, कोंबडा जाऊन आठवडा झाला. आसपास दुसरा कोंबडा नाही. ही अंडी रिकामी. पिल्लू कुठून येणार?"

"तिच्याजवळ हाय त्याचं अजून."

"असं साठवून ठेवता येत नाही हो."

"आम्ही वालाचं बी राखेत घालून वर्षभर ठेवतो. ती नाय ठेवणार?"

मी हसलो. वर काडी घेऊन अंगणातल्या मातीत कोंबडीचं पोट काढलं. इथे बलक, इथे पांढरं, इथे कवच. "यात कोठी कुठाय, दाखवा."

त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले. नसल मग." आणि चारही अंडी मडक्यात गेली. त्यातली दोन मी खाल्ली, मीठ लावून. छान झाली होती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "कोंबड्यांच्या बाबतीत आई चुकत नाही." तिला गप्प करायचं म्हणून बुधवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या वाचनालयातलं पशुवैद्यकाचं जाड पुस्तक काढलं. उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बसलो.

कोठी होती. कवच तयार होतं तिथून थोडं खाली, अंड्याच्या वाटेच्या घडीत, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक नळ्या. कोंबड्याचं बीज त्यांत निपचित पडून राहतं, दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त. कोंबडी ते थोडं थोडं सोडते, एका अंड्याला लागेल तेवढं. नको असलेल्या कोंबड्याचं तर बाहेर टाकूनही देते. इतकी वर्षं फळ्यावर मी जी कोंबडी काढत आलो, तिच्यात एवढी समज मी कधी दाखवलीच नव्हती. कोंबडा मातीखाली होता आणि तांबडी अंगणात फिरत त्याला जपत होती. दिवसादिवसानं ते बीज मात्र विरत चाललं होतं.

मी वाचनालयातूनच फोन लावला. "आई, तांबडीनं परवापासून अंडी घातली का?"

"दोन. एक आज सकाळचं. का, पोळी करून पाठवू?"

"खाऊ नका. आत्ताच काळीखाली ठेवा."

"आणि तुमचा नकाशा?"

"चुकला."

"आधीची चार?"

"त्यांतून बहुतेक पिल्लं निघाली असती."

"दोन तुम्ही खाल्लीत."

"व्हय," मी म्हणालो. एरवी मी 'हो' म्हणतो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बसवते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिकडे जाऊन मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात दोन्ही अंडी धरून पाहिली. एक नुसतंच पिवळं, आरपार. दुसऱ्यात तांबड्या शिरा पसरलेल्या आणि मधे एक काळा ठिपका. सासूबाईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं. माझ्या हातात ते फार वेळ राहू नये, हे मलाही पटलं.

एकविसावा दिवस गेला, काही नाही. बाविसाव्या दिवशी किरकोळ रजा टाकून आम्ही दोघं सकाळीच पोचलो. कवचाला बारीक चीर होती आणि पुढे काही होत नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. आत ते गुदमरत असेल, असं वाटून मी नखानं कवच सोलायला हात पुढे केला. बायकोनं मनगट धरलं.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं बसा. तेवढं तरी शिका."

मी बसलो. आयुष्यात मी काहीच न केल्यानं बरं झालेलं हे बहुधा एकच काम. दुपारी कवचाचं टोपण ढकललं गेलं आणि ओलं, काळपट, मान न धरणारं काहीतरी काळीच्या पंखाखाली शिरलं. सासूबाईंनी ते लगेच उचललं नाही. पदर तोंडाशी धरून बराच वेळ टोपलीपाशी बसून राहिल्या.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "कोंबडा का कोंबडी?"

"मला माहीत नाही, आई."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. माझ्याकडे बघून त्या महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. "मला हाय. पण आत्ता नाय सांगत," म्हणाल्या आणि लेकीला हाक मारली, "गो, कण्या बारीक कर. अगदी बारीक."