राजाची उडी

"ए पोरी, हा राजा हाय का बेडूक?"

लोहाऱ्याच्या तालुका बुद्धिबळ स्पर्धेचे प्रमुख पाहुणे माझ्या पटावर वाकून असं म्हणाले. अख्खा हॉल फिदीफिदी हसला. साहेबांच्या गळ्यातला हार अजून तसाच होता. काढायला विसरले असतील. मला वाटतं, झोपतानाही विसरत असतील.

झालं असं, की मी राजाला घोड्याची उडी मारली होती. आमच्या माकणीच्या देशी डावात राजाला एकदा ती उडी माफ असते. पंक्चर काढता काढता चाँदचाचांनी मला तोच डाव शिकवलेला. हत्ती म्हणजे नट, प्यादी म्हणजे व्हॉल्व्हची टोपणं, राजा म्हणजे मोडकी घंटी. तालुक्याला नियम निराळे असतात, हे आम्हा दोघांच्या गावीही नव्हतं. माझ्या पायात शेजारणीच्या चपला, दोन बोटं मोठ्या. ऐट मात्र वजिराची.

"उठवा हिला," साहेब म्हणाले. "खुरपायला जाऊ द्या. आमच्या भाच्याचा टाईम खराब."

भाचा माझ्या समोरच बसला होता. दात काढत.

दारात चाचा उभे. माझ्यासाठी दुकान बंद ठेवून आलेला माणूस, मान खाली घालून. "चल बेटा," एवढंच म्हणाले.

ती खाली गेलेली मान बघितली आणि मी खुर्ची घट्ट धरली.

"गुरुजी," मी पंचांना म्हणाले, "चुकलं माझं. नियम सांगा. म्या उठणार न्हाय."

"राजा माघारी ठेव. पण हात लागलाय, आता राजाच हलवावा लागंल. एकच घर."

हलवला. एकच घर. पुढं भाचा हरला, आणि रडला.

बक्षीस देताना साहेब फोटोसाठी माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. "आपल्या तालुक्याची लेक!" मी डोकं काढून घेतलं. फोटोत तो हात अजून हवेतच आहे. माझी पोरं विचारतात, "आई, हा माणूस माशी मारतोय का?"

पंच गुरुजींनी पुढं मला छापील नियम शिकवले. खेळाच्या जोरावर शिकले, नोकरी लागली. आता रविवारी चाचांच्या त्याच दुकानात पोरींना शिकवते. आधी छापील डाव, मग राजाची उडी.

परवा भाच्याचा निरोप आला. तोही आता साहेब झालाय. आमच्या पोरींच्या स्पर्धेला प्रमुख पाहुणा म्हणून यायचंय, खुर्ची ठेवा म्हणे.

मी कळवलं, "खुर्च्या दोनच हाईत, पटाच्या दोन बाजूंना. खेळायचं असंल तर या. तिसरी खुर्ची म्या जिती हाय तवर मांडणार न्हाय."