किल्ल्यावरची साबुदाण्याची खिचडी

"साबुदाणा! सतराव्या शतकात, सह्याद्रीच्या किल्ल्यावर, साबुदाण्याची खिचडी!"

डॉक्टर आमच्या दिवाणखान्यात उभे राहून ओरडत होते. हातात माझ्या मुलीचं पुस्तक, आणि ते असं धरलेलं की जणू त्याला ताप आहे. "आणि वर शेंगदाण्याचं कूट! अरे, हे लिहिणाऱ्या बाईला कोणीतरी सांगा, साबुदाणा आपल्याकडे आला कधी ते! त्या काळी उपासाला लोक वऱ्याचे तांदूळ खायचे, शिंगाडा खायचे. ही बाई वेढ्यात अडकलेल्या मावळ्यांना खिचडी वाढते!"

डॉक्टरांचा आवाज म्हणजे काय, ते ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. ते हृदयाचे डॉक्टर; बंद पडलेलं हृदय ते नुसत्या हाकेने सुरू करत, असं आमच्या मंडळात बोललं जाई. (बोलणारा मीच होतो, पण बोललं जाई.) त्या रविवारी ते ओरडले तेव्हा आमच्या ईडन प्रेरी गावातली उरलीसुरली हरणं उठून कॅनडात गेली. मिनेसोटात येऊन त्यांना खूप वर्षं झाली होती. दिवसा ते अमेरिकनांची छाती उघडायचे आणि संध्याकाळी इतिहासाची.

"काका, पण इट्स अ फँटसी," माझी मुलगी म्हणाली. "त्यात एको बोलतो. त्याचं तुम्हाला काही नाही वाटलं?"

"प्रतिध्वनी बोलू दे गं बाळ! काय बोलायचं ते बोलू दे. पण खाताना त्याने इतिहास पाळावा!"

हे पुस्तक मुलीला गावच्या लायब्ररीत सापडलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली कादंबरी. मुखपृष्ठावर एक किल्ला. किल्ल्याला घुमट, घुमटामागे ताडाची झाडं, आणि तटावर ओढणी उडवत उभी असलेली एक मुलगी. ते चित्र पाहून मी पुस्तक हातातसुद्धा घेतलं नव्हतं. ताडाची झाडं असलेला सह्याद्री बघायला मी तिकीट काढून अमेरिकेत आलो नव्हतो.

मुलीने मात्र ते पुस्तक परत केलंच नाही. मुदत वाढवून वाढवून वाचलं. मग वाढदिवसाला विकत मागितलं. शाळेत पोळीभाजीचा डबा लपवणारी, फोनवर आजीशी बोलायचं म्हटलं की बाथरूममध्ये जाऊन बसणारी ही मुलगी स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरून विचारू लागली, "आई, बुरूज म्हणजे काय? दिंडी दरवाजा कसा असतो? आपण किल्ल्यावर राहायचो का?" आणि संध्याकाळी ती आईला त्यातली पानं मोठ्याने वाचून दाखवायची.

मला नाही. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं दुखणं तिथलं आहे. ती लहान होती तेव्हा गोष्टी सांगणारा आमच्या घरात मी एकटा होतो. माझ्या गोष्टीत आमच्या गावचा पोस्टमन वाघावर बसून टपाल वाटायचा आणि वाघ पत्ते वाचायचा. ती पोट धरून हसायची. मग कधीतरी, दहा-अकरा वर्षांची झाल्यावर, ती गोष्टीच्या मध्येच विचारू लागली, "बाबा, इज धिस ट्रू?" आणि काही दिवसांनी तेही विचारायचं बंद केलं. माझ्या तोंडून गोष्ट सुरू झाली की ती उठून पाणी प्यायला जायची. एवढं पाणी पिणारी मुलगी मी पाहिली नाही. आमच्या राज्यात दहा हजार तळी आहेत म्हणतात, त्यातली दोन तिने आटवली.

तर डॉक्टर ओरडून दमले आणि त्यांनी पुस्तक टीपॉयवर आपटलं. ते पालथं पडलं. मागच्या बाजूला लेखिकेचा फोटो होता.

मी तो फोटो पाहिला आणि हातातला चहा तसाच राहिला.

बाई ओळखीच्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्या आमच्याच ऑफिसात होत्या. आम्ही यंत्रं बनवायचो आणि त्या त्यांच्या माहितीपुस्तिका लिहायच्या: हा स्क्रू आधी पिळा, तो नंतर. शांत, उंच, पिकत चाललेल्या केसांच्या. त्यांची गाडी थंडीत बंद पडायची म्हणून एका हिवाळ्यात त्या माझ्या गाडीतून येत-जात.

त्या हिवाळ्यातली महाशिवरात्र. थंडी अशी की थर्मामीटरमधला पारा उठून घरात येऊन बसला होता. संध्याकाळी घरी निघालो आणि वाटेत वादळ आलं. पुढचं काही दिसेना. गाडी घसरली आणि अलगद जाऊन खड्ड्यात बसली, म्हैस डबक्यात बसते तशी. हलायचं नाव घेईना. चारी बाजूंनी पांढरं. त्या काळी खिशात फोन नव्हते. बर्फ उपसणारा ट्रक येईपर्यंत वाट बघणं, एवढंच हाती.

मी भ्यालो होतो. आणि मी भ्यालो की बोलतो. भीती जितकी मोठी तितकी माझी गोष्ट मोठी.

बायकोने उपासाचा डबा दिला होता, त्यातली खिचडी दुपारी निम्मी उरली होती. साबुदाणा पुण्याहून सासूबाईंनी बॅगेतून पाठवलेला. तो इकडे सोन्यासारखा जपून वापरायचा. मी तिची वाटणी केली, डब्याच्या झाकणात थोडी बाईंना दिली. त्यांनी एक मोत्यासारखा दाणा बोटावर घेऊन विचारलं, "हे काय?"

साधं उत्तर होतं. उपास आहे, उपासाला हे खातात. पण मी कसला साधं उत्तर देतोय! मी म्हणालो, "हे आमच्या सैनिकांचं अन्न. वेढा पडला की किल्ल्यावर हेच खाऊन लढायचे."

आपल्याकडच्या माणसाला परदेशात कोणी 'हे काय' म्हणून विचारलं की तो साधी चटणीसुद्धा तीन हजार वर्षं जुनी करून सांगतो. मी तर त्या दिवशी तीनशेवरच थांबलो होतो.

आणि एकदा किल्ला आला म्हटल्यावर वेढा आला, वेढा आल्यावर गडावरची मूठभर माणसं आली, आणि त्यांच्यात दरवाजा राखणाऱ्याची एक मुलगी आली. खालच्या दरीत एक प्रतिध्वनी राहायचा. जिवंत. भुकेला. मुलगी रोज आपली खिचडी त्याच्यासाठी कड्यावरून खाली टाकायची, आणि त्या बदल्यात ती एकदा हाक मारे, तो हजारदा ओरडे. शत्रूला वाटे, गडावर अफाट फौज आहे. पण प्रतिध्वनीची भूक वाढत गेली. खिचडी संपली. मग तो म्हणाला, आता तुझा आवाज दे.

हे सगळं मी तिथल्या तिथे रचत होतो. बाहेर वारा गाडी हलवत होता, त्याचंच मी प्रतिध्वनीचं रडणं केलं. बाई माझ्याकडे वळून ऐकत होत्या. इतकं चांगलं ऐकणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही. मुलगी शेवटची हाक मारायला कड्यावर उभी राहिली, आणि मागून पिवळा दिवा दिसला. ट्रक आला. गोष्ट तिथेच राहिली. शेवट काय, हे मलाही माहीत नव्हतं. थोड्या महिन्यांनी बाई नोकरी सोडून गेल्या.

मी पुस्तक उचललं. उभ्या उभ्या पानं उलटली. दरवाजा राखणाऱ्याची मुलगी. दरी. भूक. खिचडी. खिचडीवर तर अख्खं प्रकरण!

"ही गोष्ट माझी आहे," मी म्हणालो.

डॉक्टर हसले. असे हसले की त्यांना खुर्ची शोधावी लागली. "अरे वा! आणि ज्ञानेश्वरी कोणाची? तीही तूच सांगितलीस वाटतं?"

"डॉक्टर, खरंच. महाशिवरात्रीला गाडी खड्ड्यात गेली होती, तेव्हा ह्या बाई माझ्याबरोबर होत्या. तो साबुदाणा माझ्या डब्यातला आहे! म्हणून तर चूक झाली!" मी बायकोकडे वळलो. "तूच सांग. उशीर झाला होता की नाही त्या दिवशी?"

बायको खरं बोलणारी बाई. तिने आठवलं आणि शांतपणे सांगितलं, "उशीर झाला होता. पण तेव्हा तुम्ही म्हणालात की जंगलातून एक मूस आला, तुम्ही त्याच्या शिंगांना दोर बांधला आणि त्याने गाडी बाहेर ओढली. बाईंचं काही बोलला नव्हतात."

मूस! ते घोड्याएवढं अमेरिकन हरीण माझ्या छातीवर येऊन बसलं. मुलगी उठली आणि पाणी प्यायला गेली.

त्यानंतर महिन्याभरात लायब्ररीत बाई स्वतः येणार असल्याचा कागद लागला. मुलीला मी गाडीतून नेलं. मनात म्हटलं, आता बघ. आता ती बाई सगळ्यांसमोर सांगेल की एका वादळात, एका भारतीय गृहस्थाने... मग मुलगी माझ्याकडे बघेल. बास. मला पुस्तकावर नाव नको होतं. मुलीने एकदा त्या लहानपणीच्या नजरेने बघावं, एवढंच मला हवं होतं.

खुर्च्या भरल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या, तशाच उंच, आता केस पूर्ण पांढरे. कोणीतरी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? बाई म्हणाल्या, त्यांची आजी नॉर्वेची. आजी लहानपणी डोंगरातून हाका मारायची आणि पाण्यापलीकडून हाका परत यायच्या. पुढे त्या एका टूरबरोबर भारतात गेल्या, एका पडक्या किल्ल्यावर उभ्या राहिल्या, ओरडल्या, आणि दरीने उत्तर दिलं. "त्या क्षणी मला आजी आठवली," बाई म्हणाल्या, "आणि पुस्तक सुरू झालं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

ती बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस मी मैलावरून ओळखतो, तो माझा प्रांत आहे. तिला खरोखरच तसं आठवत होतं. तिच्या आठवणीतल्या रस्त्यावर माझ्या गाडीवर बर्फ साचला होता. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

तेवढ्यात माझ्या शेजारी हात वर झाला. मुलीचा.

"मॅम, पुस्तकात सोल्जर्स साबुदाणा खातात. आमचे एक काका म्हणतात, तेव्हा साबुदाणा नव्हता. तो खूप नंतर आला."

बाईंनी कपाळाला हात लावला. "खरंच? कुठे वाचलं होतं कोण जाणे. थँक्यू, डिअर. पुढच्या आवृत्तीत मी ते काढून टाकीन."

लोकांनी माझ्या मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या अख्ख्या पुस्तकात माझी म्हणून दाखवता येईल अशी एकच वस्तू होती, ती वाटीभर खिचडी, आणि ती काढून टाकायला माझ्याच लेकीने सांगितलं होतं.

नंतर सहीसाठी रांग. बाईंनी मुलीचं पुस्तक घेतलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आपण भेटलोय का?"

"ऑफिसात," मी म्हणालो. "तुम्ही माहितीपुस्तिका लिहायच्यात. माझ्या गाडीतून यायच्यात. एकदा बर्फात..."

"अरे हो! ती गाडी! तिचा हीटर!" त्या मनापासून हसल्या. "काय हिवाळे होते ते! तुमची मुलगी फार हुशार आहे हं."

रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या कोणीतरी आपलं पुस्तक पुढे सरकवलं. आम्ही बाजूला झालो.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी मुलीला सगळं सांगितलं. वाघ नाही, मूस नाही, पारा घरात आला नाही. गाडी घसरली, मी घाबरलो, डब्यात खिचडी होती, मी त्या बाईंना खोटंच सांगितलं की सैनिक हे खायचे, आणि त्यावरून किल्ल्यावरच्या मुलीची गोष्ट रचली, शेवट राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट तिच्या मापाएवढीच सांगितली, आणि सांगताना मलाच जाणवत होतं की ती किती फिकी वाटते आहे, किती पटण्यासारखी नाही.

"एवढंच झालं," मी म्हणालो. "देवाशपथ."

तिने पुस्तक उघडून सही पाहिली. मिटलं. ह्या वेळी उठून जायला तिथे पाणी नव्हतं.

"ओके, बाबा," ती म्हणाली. "सीट बेल्ट लावा."