फ्लॅगमधलं मराठी शून्य

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या मारतहळ्ळीच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारी मात्र सगळा राग कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर होता. शेतातल्या ठिबकचा व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या छोट्या यंत्राचा प्रोग्रॅम मी आठ महिने लिहीत होते. चार वाजता देवनहळ्ळीच्या एका शेतावर चाचणीसाठी गाडी निघणार होती. तोवर माझा प्रोग्रॅम तयार झाला नाही तर जुनाच नेऊ, असं साहेबांनी सांगून टाकलेलं. म्हणजे माझे आठ महिने पाण्यात, आणि तेही ठिबकच्या!

लॅपटॉपवर बसून दुसऱ्याच इवल्याशा चिपसाठी प्रोग्रॅम बनवायचा, तर चिप कोणती ते कंपायलरला फ्लॅग देऊन, म्हणजे आज्ञेपुढे चिपचं नाव लिहून, सांगावं लागतं. आदल्या दिवशी आमची चिप बदलली, म्हणून फ्लॅगच्या शेवटी चारच्या जागी शून्य हवं होतं. मी नवा फ्लॅग टाकला. कंपायलर म्हणे, अशी चिपच मला माहीत नाही. अरे बाबा, तुझ्याच यादीत आहे की! कंपायलर काढून पुन्हा टाकला, तरी तेच रडगाणं. तीन वाजून गेले.

शेजारच्या टेबलावरचे अण्णा खुर्ची ओढत आले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. मराठी झकास बोलतात, पण शिकले कन्नड आणि इंग्रजीत, त्यामुळे देवनागरी वाचता येत नाही. मी सीमेवरच्या निपाणीची, कन्नडही कानावरचं, म्हणून आमचं छान जमतं.

“अक्का, स्वल्प थांबा. शेवटी ते काय आहे?”

“शून्य. दिसत नाही?”

“हे बारकं आहे ओ. यादीतलं बघा, उभट आहे.”

“अहो, शून्य ते शून्य! त्यात काय वाचायचं?”

म्हटलं आणि जीभच चावली. तो फ्लॅग मी फोनमधल्या टिपणातून उचलून चिकटवला होता, आणि टिपणं मी मराठी कीबोर्डवर लिहिते. चिपचं नाव इंग्रजीत आणि शून्य मराठीत! मला दोन्ही शून्यं सारखीच वाचता येतात, म्हणून नजर कधी अडलीच नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा लाजही वाटली आणि हसूही आवरेना.

इंग्रजी शून्य टाकलं आणि सगळं एका दमात पार झालं. चारला पाच कमी असताना प्रोग्रॅम चिपमध्ये भरला आणि पळत जाऊन गाडी गाठली. वाटेतलं येलहंका मागे पडल्यावर कुठे मी लॅपटॉप मिटला. शेतावर व्हॉल्व्ह उघडला, पाणी सुटलं, आणि मी साहेबांसमोरच टाळ्या पिटल्या. लगेच अण्णांना फोन लावला.

“अण्णा, चाललं! तुमच्यामुळे चाललं!”

“सरी, सरी,” ते कन्नडात ‘बरं, बरं’ म्हणाले आणि हसले. “गंमत बघा अक्का. पणजोबांच्या आधीपासून आमच्या घरात मराठी, आणि मी मराठीतलं काहीतरी पहिल्यांदा वाचलं ते आज. तेही शून्य! उद्या एक शिकवा.”