कोनाड्यातला कप

हवेलीचे फोटो पाठवून तुम्ही खाली लिहिलंत, "आजी, किती रॉयल! तू बघून ये. तू हो म्हणालीस की लग्न इथेच." थोरल्या नातीचं लग्न, म्हणून मी गेले. काय पाहिलं ते आधी क्रमाने सांगते, उत्तर शेवटी देते. फोटोवर तुम्ही दोघी बहिणी फार लवकर विश्वास ठेवता.

रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "आज्जी, लगीन कुनाचं?"

"नातीचं."

"मग ठीक हाय. तितं फोटो मोठं आन् जेवान बारीक असतंय, म्हनून इचारलं."

ही वास्तू राजघराण्याची नाही, सरदाराचीही नाही. ती गुळाच्या एका व्यापाऱ्याने बांधली. समोरच्याने दुमजली घर बांधलं म्हणून याने तिमजली बांधलं, एवढाच तिचा इतिहास. मुंबईत कुठल्याशा बँकेची इमारत पाहून आला आणि गवंड्यांना म्हणाला, तसं करा. म्हणून दर्शनी बाजूला ग्रीक खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावरची पानं कोबीच्या पानांसारखी दिसतात. खिडक्यांवर चुन्यात घडवलेल्या पऱ्या आहेत. पंख विलायती, नाकात नथ. कठड्यावरचे सिंह ताटाकडे बघत बसलेल्या कुत्र्यांसारखे दिसतात. आत मात्र आपला साधा चौक, सागवानी खांब, आणि वर दिवाणखान्यात रंगीत काचांतून फरशीवर उतरणारा लाल-हिरवा उजेड. तो उजेड सुंदर आहे, हे मान्य करते. मी तो परवा पहिल्यांदा पाहिला.

तुम्हाला वाटेल, ज्या हवेलीबद्दल आजी इतकं जाणते तिथला दिवाणखाना तिने पाहिला नव्हता? नव्हता.

आता तिचं हॉटेल झालं आहे. भिंतीवर ढाली-तलवारी लावल्या आहेत. फेटा बांधलेल्या मॅनेजरला मी विचारलं, "तलवारी कुणाच्या? घरात तर गुळाच्या ढेपा असायच्या."

"थीम आहे मॅडम," तो म्हणाला.

मग त्याने देवडीतला कोनाडा दाखवला. त्याच्यावर मोराची कमान कोरलेली आहे, आत पितळी समई ठेवली आहे. "इथं घरातल्या लेडीज रोज संध्याकाळी दिवा लावायच्या. हवेलीचं दार सगळ्यांना उघडं होतं."

त्या कोनाड्यात दिवा कधीच नव्हता. माझा कप होता.

मी नुकती इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. या घरच्या नव्या सुनेला इंग्रजी बोलता यावं म्हणून मला बोलावलं. शिकवणी देवडीतल्या बाकावर व्हायची. तिच्या सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. त्या चौकातून ओरडत, "मास्तरीणबाई, चहा घ्या की! लाजू नका!" आवाजात साखर पोत्याने होती. चहा मात्र वरून ओतला जायचा, कान तुटलेल्या कपात. सुनेचा चहा चिनी मातीच्या कपात यायचा. माझा कप मीच देवडीच्या नळाखाली विसळायचा आणि परत मोराखाली ठेवायचा. आपण बौद्ध, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या वडिलांनी धर्म बदलला होता, या घराने काही बदललं नव्हतं.

सून हुशार होती. "प्लीज कम इन" हे वाक्य तिने देवडीत बसून, माझ्याकडे पाहत, उत्तम उच्चारात पाठ केलं. आत बोलावण्याचा अधिकार तिला नव्हता, हे मला तेव्हाही समजत होतं. एक पावसाळा मी गेले. मग एके दिवशी कप न विसळता बाकावर तसाच ठेवला आणि जाणं बंद केलं.

हे मी मॅनेजरला सांगितलं नाही. त्याचा जन्मही नव्हता तेव्हा. फक्त म्हटलं, "वर दिवाणखान्यात बसून चहा घेईन." त्याने आनंदाने होकार दिला. मी त्या उजेडात खुर्चीवर बसले, पायांवर लाल पट्टा पडला होता, आणि खरं सांगते, क्षणभर तुमच्या बाजूने मत झालं. नात इथे उभी राहील, आक्कांच्या दिवाणखान्यात, हारतुऱ्यांसकट. कोणाला आवडणार नाही?

चहा आला. कागदी कपात.

"पलीकडच्या टेबलावर कपबशा आहेत की," मी म्हटलं.

"त्या आपल्याकडं उतरलेल्या गेस्टसाठी असतात मॅडम. बाहेरच्यांना पेपर कप. पॉलिसी आहे."

त्या पोराला माझी जात ठाऊक नव्हती, विचारायचीही नव्हती. दोष त्याचा नाही. पण या घराला एकच विद्या येते, माणसं वेगळी काढण्याची. मालक बदलले, रंग बदलला, तलवारी आल्या, ती विद्या मात्र कोणी पुसली नाही. चहा मी तसाच ठेवला. या वेळी निदान विसळायचं काही नव्हतं.

तेव्हा माझं उत्तर: नाही. तुमच्या मैत्रिणींना पऱ्या दाखवायच्या असतील तर रस्त्यावरून दाखवा, तिथूनच त्या जास्त हास्यास्पद दिसतात. विहाराशेजारचा आपला हॉल मी पाहून आले. छत पत्र्याचं आहे, फोटोत चांगलं येणार नाही. चहा सगळ्यांना एकसारख्या स्टीलच्या पेल्यांतून देतात. तो हॉल मी धरून ठेवायला सांगितला आहे.