माझ्या सोन्याची जकात

मागच्या वर्षी रमजान लागून आठवडा झाला तरी माझं मन नमाजात ठरत नव्हतं. हात बांधून उभी राहिले की डोळ्यांपुढे कपाट यायचं, आणि कपाटातला सोन्याचा डबा.

अमरावतीत आमचं गाद्यांचं दुकान आहे. लग्न झाल्यापासून जकात हा विषय आमच्या ह्यांचा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा, मालाचा, सोन्याचा चाळीसावा हिस्सा गरिबांसाठी काढायचा असतो. हे बसून हिशेब करायचे आणि विचारायचे, ‘‘तुह्या सोन्याची बी देऊ ना?’’ मी कांदा चिरता चिरता ‘‘द्या’’ म्हणायचे. झाली माझी जकात! पण त्याआधीच्या वर्षी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुकान कितीतरी महिने बंद राहिलं आणि शिल्लक सगळी दवाखान्यात गेली. एका संध्याकाळी रोजा सोडून चहा पिताना हे अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘माह्यावर यंदा जकात बसतच नाही. तुह्या सोन्यावर बसते. थे तुले द्या लागते.’’

मला इतका राग आला की कप जरा जोरातच ठेवला. मी कमावते कुठे? माझ्या हातात भाजीचे पैसेसुद्धा मोजून येतात. आणि ते सोनं तरी माझं कुठे होतं? माहेरचे दागिने थोडेसेच. मोठा हार, पाटल्या हे सगळं लग्नात सासूबाईंनी चढवलेलं. मी ते लग्नाकार्यात घालायचे आणि पुसून परत डब्यात ठेवायचे. मी म्हटलं, ‘‘थे अम्मीचं हाय. मी फक्त सांभाळून राहिली.’’ हे म्हणाले, ‘‘मले तर थे तुहंच वाटते.’’ आमच्याकडे पुष्कळ घरांत हा घोळ असतो. सोनं अंगावर चढवतात, पण ते कुणाचं झालं हे कुणी बोलत नाही. बोलायचं म्हणजे अदब मोडल्यासारखं वाटतं.

शेवटी मी अम्मींसमोर, माझ्या सासूबाईंसमोर जाऊन बसले. मूळच्या मोर्शीकडच्या, बोलायला सडेतोड. खरं सांगते, त्यांनी ‘‘माहंच हाय’’ म्हणावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे जकातही त्यांची झाली असती आणि मी मोकळी झाले असते! अम्मींनी हातातली तसबीह, जपाची माळ, खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘काहून वो, इतकी वर्सं तुले माहीत नोतं? मी तुह्या गळ्यात घातलं तवाच थे तुहं झालं. माहं असतं तर माह्या पेटीत नसतं का?’’

मला रडू आलं. सुटका मागायला गेले होते आणि पदरात अख्खा डबा घेऊन परतले. इतक्या वर्षांनी या घरात काहीतरी माझं, पक्कं माझं होतं. आणि माझं होतं म्हणूनच त्याचा जाबही मलाच द्यायचा होता. कयामतच्या दिवशी तो ह्यांना कुणी विचारणार नव्हतं. त्या दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर मी हात पसरले. ‘या अल्लाह, सोनं दिलंस, आता देण्याची हिंमत दे. आणि कुणाच्या हातात ठेवू, तेही तूच दाखव.’

रोख नव्हती, म्हणून एक अंगठी मोडायची ठरवली. माझ्या अब्बांनी अकोल्याच्या ओळखीच्या सोनाराकडून घडवलेली. आपली वस्तू तो फारशी घट न धरता परत घेतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी बदनेऱ्यावरून अकोल्याची एस.टी. धरली. पैसे घ्यायचे, वाटेतल्या मदरशात देऊन पावती घ्यायची आणि संध्याकाळच्या आत घरी, असा माझा बेत. पण बस मूर्तिजापूरला बिघडली, पोचायला चार वाजून गेले, आणि सोनाराच्या शटरवर कागद चिकटवलेला: घरी लग्न असल्याने आज दुकान बंद. उन्हात, कोरड्या घशानं मी त्या शटरकडे बघत राहिले. आदल्या दिवशी हात पसरून मागितलं होतं आणि आज हे! मी मनातल्या मनात अल्लाहशीच भांडले.

अकोल्यात माझी धाकटी बहीण राहते. दर वेळी मी आधी फोन करून जाते. त्या दिवशी फोनची बॅटरी संपली होती, म्हणून तशीच गेले. दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘‘आपा! फोन तरी करा लागत होता!’’

एरवी मी जाते तेव्हा तिचा दस्तरख्वान दहीवडे, भजी, टरबुजाच्या फोडींनी भरलेला असतो. त्या दिवशी रोजा सोडायला तिथे खजूर, पाणी आणि कालच्या पोळ्यांचा गुळातला मलिदा होता. माझी नजर कोपऱ्यात गेली. शिलाई मशीनच्या जागी नुसत्या पायांच्या खुणा होत्या. ‘‘दुरुस्तीले देली,’’ ती म्हणाली आणि मान फिरवली. पुढचं मेहुण्यांनीच सांगितलं. डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांचा ऑटो सुटला होता आणि मशीन विकून दोन महिने घर चाललं होतं. दर वेळचे ते दहीवडे उसनवारीचे होते, हेही तेव्हाच कळलं.  तो मलिदा मी मागून मागून खाल्ला, कारण ती माझ्याचकडे बघत होती.

सोनाराचं दुकान उघडं असतं तर मी पावती घेऊन, हात झटकून घरी परतले असते. माझी सख्खी बहीण जकातीला पात्र आहे, हे मला सुचलंही नसतं. आईबापाला, लेकराला जकात देता येत नाही; गरजू बहिणीला देता येते. आणि घेणाऱ्याला ती जकात आहे हे सांगावंच लागतं असंही नाही, देणाऱ्याची नियत हवी. रात्री तिथेच राहिले. सकाळी दुकान उघडलं, अंगठी मोडली आणि आलेले पैसे तिच्या मुठीत कोंबले. मनात नियत पक्की केली आणि तोंडानं म्हटलं, ‘‘ईदी हाय. मोठ्या बहिणीले नाही म्हणत नसतात.’’ ती खूप वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती.

ईदच्या आदल्या दिवशी तिच्याकडून पार्सल आलं. नव्या मशीनवर शिवलेला, माझ्या मापाचा हिरवा कुर्ता. अम्मींनी शिवण ओढून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘पक्की हाय.’’ त्यांना काय ठाऊक होतं, काय नव्हतं, मी विचारलं नाही.

त्याला वर्ष झालं. मला त्या बंद शटरचा अर्थ लावत बसायचं नाही. मी मागितलं, त्यानं दाखवलं. मी भांडले तरी दाखवलं. त्याच्या हवाली केलेलं काम तो आपल्या वाटेनं करतो आणि आपण बसच्या नावानं बोटं मोडत असतो. अल्हम्दुलिल्लाह, दुकान परत उभं राहिलंय. परवा हे हिशेबाला बसले आणि सवयीनं म्हणाले, ‘‘यंदा तुह्या सोन्याची बी देऊन टाकतो.’’

मी कांदा चिरायचा थांबवला, हात धुतले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

‘‘तुमची तुमी द्या,’’ मी म्हटलं. ‘‘माही मी देतो.’’